फुगडीचा खाडा

"बायांनी रोज अर्धा तास तरी व्यायाम केला पायजे," असं आपल्या बैठकीत एक साथी बोलला. साथी मनाचा चांगला आहे, शिकलेला आहे. पण ज्या बायांविषयी तो बोलत होता त्या ऊसतोडीला आलेल्या होत्या आणि त्यांच्यात माझी सख्खी अक्का होती. म्हणून लिहायला बसलो.

दोस्तहो, मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. पाळी सुटली की झोपतो, कविता लिहितो, तालमीत दंड मारतो. हे जमतं, कारण माझ्या कामाला भोंगा आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. माझी तालीम त्या कायद्यातून आलेली आहे. अक्काच्या फडात भोंगा नाही.

दिवाळीच्या सुमाराला ती केज तालुक्यातनं इकडं येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दाजींच्या नावावर, राबणारं अंग दोघांचं. पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, अंधारात फड गाठायचा. दाजी तोडतात, ही पाचट काढते, मोळी बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढते. रातच्याला गाडी आली की परत भराई. कोपीवर आल्यावर पाणी, सरपण, लेकरं. दाजी बिडी पेटवतात. दाजींना मी नावं ठेवत नाही, तेही मोडलेलेच असतात. पण ते टेकतात, ही टेकत नाही.

साथीचं बोलणं मी तिला सांगितलं. ती म्हनली, "आरं, मी बसती कवा ते त्याला इचार. मंग चालायचं कवा ते त्यानं सांगावं."

आता दुसरे शहाणे म्हणतात, एवढं राबतात म्हणजे व्यायाम आपोआप होतोच की. सपशेल खोटं. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं हालचाल करा. त्या हिशोबानं अक्काचा आठवडा एका दिवसात भरतो. मग ती पहिलवान का नाही? डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमान हे संशोधक या कोड्यामागं लागलेत. त्यांचं म्हणणं असं : हौसेची हालचाल थोडा वेळ असते, जोरात असते, दमलं की थांबता येतं. मजुरीची हालचाल तासन् तास चालते. ओझं उचलून रक्तदाब चढतो, काळजाची धडधड दिवसभर वरच राहते, अंग भरून यायला सवड मिळत नाही. विद्वानांत यावर वाद चालू आहे. पण माझ्या गावातल्या तिशीतल्या बाईची कंबर बघा आणि मग वाद घाला.

2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. 13 हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोट दुखतंय म्हणून बसलं तर खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीत चढतो. त्यापेक्षा पिशवीच काढून टाका! ही आमच्या आयाबहिणींची तब्येत.

आणि हौस? ती मेलेली नाही. मागच्या हंगामात एका रात्री गाडी आलीच नाही. चांदणं होतं. बायांनी पदर खोचले आणि कोप्यांच्या मधल्या जागेत फुगडी धरली. अक्का गरागरा फिरत होती, हसत होती. लग्नानंतर तिला एवढं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. कुणी वजन घातलं नव्हतं, कुणी खेपा मोजत नव्हतं.

मोजणारा होता. सकाळी अक्काच्या पोटात कळ आली, ती बांधावर टेकली. मुकादम म्हणाला, "काल फुगडीला कंबर व्हती, आज मोळीला न्हाई व्हय?" आणि वहीत खाडा मांडला. दोघांचा. दाजी रात्री तिच्यावरच तणतणले. त्यानंतर हंगाम संपेस्तोवर फुगडी झाली नाही.

रविवारी आपण कोप्यांवर चाललोय. व्यायामाचं भाषण नको. आठवड्याला एक बिनखाड्याची सुट्टी, पाण्याचा टँकर कोपीपर्यंत आणि उचलीच्या वहीत बाईचं नाव, एवढंच मागायचं. बायांची सही, अंगठा वेगळ्या कागदावर घ्यायचा, नवऱ्याच्या खाली नको.

अक्काला विचारलं, सुट्टी मिळाली तर काय करशील?

"आदी झोपीन," म्हनली. "मंग बगू फुगडीचं."