सुवाळीच्या वाळूत एक दुपार

खडकांच्या शोधात निघालेल्या आम्हा दोघांना खडक दिसलेच नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

राखेच्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी पहाटे आम्ही वसईहून गाडी काढली. बेत मोठा होता. हजीऱ्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, खंबातचं आखात ओलांडून घोघ्याला उतरायचं आणि तिथून तळाजाजवळच्या गोपनाथला जायचं. गोपनाथचा किनारा खडकाळ आहे. समुद्राच्या अगदी काठावर कडे उभे आहेत, असं ऐकून होतो. रस्त्यानं हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या घरात जातं, बोटीनं जेमतेम 90. ही फेरी 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, तेव्हापासून आमच्या मनात होतं. लग्नाला 32 वर्षं झाली, पण दोघांनीच असा प्रवास कधी केला नव्हता. आधी मुलं, मग आजारपणं, मग चर्चची कामं.

वाटेत नाश्त्याला रेंगाळलो आणि बोट चुकली. दोष आमचाच. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट निघून गेली होती.

आता हजीऱ्यात दिवस कुठं घालवायचा? एका बाजूला पोलादाचा कारखाना, दुसरीकडे खताचा, पुढे गॅसच्या टाक्या. रस्ताभर ट्रक. कुणीतरी म्हणालं, सुवाळीला जा. गेलो. किनारा सपाट, वाळू काळपट, ओहोटीचं पाणी दूरवर सरकलेलं आणि मध्ये चिखल. या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरकडे दहा मीटरच्याही वर जातो. आपल्या राजोडी-कळंबला समुद्र मागे हटतो तेव्हा तो डोळ्यांसमोर असतो. इथं तो निघूनच गेल्यासारखा वाटतो.

ही सुवाळी म्हणजे इंग्रजांची 'स्वाली'. तापीच्या मुखाशी गाळ साचलेला, म्हणून त्यांची गलबतं इथं वाळूच्या दांड्याआड खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माल पुढे सुरतेला जायचा. 1612 साली याच पाण्यात कॅप्टन बेस्टच्या दोन इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार गलबतांशी झुंज दिली. आम्ही वसईकर. पोर्तुगीजांच्या काळातली देवळं पाहत वाढलेलो. दोन्हीकडच्या जहाजांवर त्या सकाळी प्रार्थना झाली असेल आणि ती एकाच प्रभूकडे, या विचारानं आम्ही दोघंही जरा गप्प झालो.

पण आम्हाला थांबवलं ते वेगळ्याच माणसानं. जवळच राजगरी गावात घुमटाची एक जुनी वास्तू आहे. टॉमस कोरियटची कबर म्हणून ती ओळखली जाते, जरी ती नेमकी त्याचीच का, याबद्दल अभ्यासकांमध्ये शंका आहे. हा इंग्लंडमधल्या ओडकम गावच्या पाळकाचा मुलगा. जेरुसलेमची यात्रा करून तो बहुतेक पायीच अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारी आला. फारसी शिकला आणि बादशहापुढे त्या भाषेत भाषण केलं. त्याच्यासोबत राहिलेला धर्मगुरू एडवर्ड टेरी यानं लिहून ठेवलंय, की कोरियटनं जेरुसलेममध्ये मनगटावर क्रूस गोंदवून घेतला होता आणि त्याच्या कडेनं लॅटिनमध्ये तीन शब्द: मार्ग, सत्य, जीवन. योहानाच्या चौदाव्या अध्यायातले.

टेरीनं आणखी एक गोष्ट सांगितली आहे. इंग्लंडहून आलेल्या एका माणसानं कोरियटला सहज सांगितलं, की राजा जेम्सनं तुझं नाव ऐकून, तो मूर्ख अजून जिवंत आहे का, असं विचारलं. हजारो मैल चाललेल्या त्या माणसाच्या मनाला हा एक शब्द फार लागला. पुढे 1617 च्या डिसेंबरात तो सुरतेला आजारी आला. इंग्रज व्यापाऱ्यांनी आपुलकीनं दारू पाजली, हगवण वाढली आणि तो गेला. त्याच्या आधीच्या वर्षी ऑक्टोबरात त्यानं आग्र्याहून आईला पत्र लिहिलं होतं.

हे सगळं आम्ही गाडीत बसून मोबाइलवर वाचत होतो. वाचता वाचता 'मूर्ख' या शब्दाशी दोघंही अडखळलो.

धाकट्यानं दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली. नाताळच्या जेवणावर बोलणं वाढलं आणि आमच्यातल्या एकानं सर्वांदेखत त्याला हाच शब्द वापरला. दुसरीनं अडवलं नाही. म्हणून इथंही 'आम्ही'च लिहितो. तो ताटावरून उठला तो पुण्याला गेला. तेव्हापासून फोन येतो तो फक्त आईला, सणावारी, दोन मिनिटं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं भावाला मूर्ख म्हणणाऱ्याबद्दल काय म्हटलंय, ते आम्हाला माहीत आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना आम्हीच शिकवतो. उधळ्या पुत्राचा दाखलाही शिकवतो आणि बापाच्या जागी स्वतःला ठेवून मुलगा परत येण्याची वाट पाहत बसतो. त्या बापानं मुलाला काही बोललं होतं असं शुभवर्तमानात कुठं नाही, हे मात्र सोयीनं विसरतो.

भरती सुरू झाली होती. चिखलावरून पाण्याची पातळ पट्टी बघता बघता पुढे येत होती. आईचा फोन नको, असं ठरलं. ज्यानं शब्द काढला त्यानंच लिहायचं. तीनदा खोडलं. "माफ कर" एवढंच लिहायला वीस मिनिटं लागली आणि त्याखाली नोकरीबद्दल एक ओळ येत होती, ती पुसून टाकायला आणखी पाच. बरोबर सुवाळीच्या वाळूचा एक फोटो पाठवला, कारण नुसते ते दोन शब्द फार उघडे वाटत होते.

घोघ्याचा बेत सोडून आम्ही परत फिरलो. चारोटी नाक्याजवळ चहाला थांबलो तेव्हा उत्तर आलं होतं.

"डॅडी, तिकडे चिखल असतो. गाडी वाळूत नेली नाही ना?"

चहा तसाच ठेवून आम्ही बाहेर आलो आणि त्याला फोन लावला.