आधी ठेवायची जागा

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी पाऊस, मैत्री, आठवणीतले गाव असे विषय लगेच पटकावले. मी म्हणालो, मी तंदूरवर लिहिणार. सगळे हसले. एकाने तर, "लेखाबरोबर रोट्या वाटणार का रे?" असेही विचारले. परंतु मला दुसरा विषय सुचणे कठीणच होते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. माझी पुस्तके, परीक्षेची फी आणि एस.टी.चा पास ज्या भट्टीतून निघतो, तिच्याविषयी दोन शब्द लिहिले तर ते अस्थानी ठरू नयेत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पुणे-सोलापूर रस्त्यावरील एका धाब्यावर तंदूर सांभाळतात. तंदूर म्हणजे मातीचा एक मोठा रांजणच समजा. भोवती विटा-मातीचा जाड थर, तळाशी हवा आत शिरण्यासाठी एक तोंड आणि वर रोटी लावण्यासाठी उघडा गळा. आत कोळसा फुलला की भिंती तीन-चारशे अंशांपर्यंत तापतात. राजस्थानातील कालीबंगा येथील उत्खननात हडप्पा काळातील अशाच धर्तीच्या मातीच्या भट्ट्या सापडल्या आहेत. मी हे इतिहासाच्या तासाला ऐकले आणि घरी येऊन मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे हात भाजायला तवापासनंच सुरुवात झाली म्हणायची."

अण्णांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एकही केस नाही. मनगटापाशी दोन जुने डाग आहेत. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्या वडिलांचे हात असेच असतात. पुढे शाळेत पालकांच्या सभेला आलेल्या लोकांचे हात पाहिले, तेव्हा फरक कळला.

सुट्टीच्या दिवशी मी धाब्यावर जातो. अण्णा मला रोटी लावू देत नाहीत, पण बाकीची कामे सांगतात. त्यांचा पहिला नियम असा: "आधी ठेवायची जागा बघ, मग उचल." तापलेली सळई हातात आल्यावर ती कुठे टेकवायची याचा विचार करत बसलात, तर तेवढ्यात कोणीतरी मागून जाणार, कोणीतरी हाक मारणार आणि तुम्ही वळणार. म्हणून तंदूरच्या उजव्या बाजूला दोन कोरड्या विटा कायमच्या मांडून ठेवलेल्या असतात. त्या विटांवर दुसरे काहीही ठेवायचे नाही. पाण्याचा पेलासुद्धा नाही. दुसरा नियम, तापलेली वस्तू हातातून हातात द्यायची नाही. ती विटांवर ठेवायची आणि दुसऱ्याने तेथून उचलायची. तिसरा नियम, फडके कोरडे हवे.

हा तिसरा नियम मला सुरुवातीला पटत नसे. ओल्या फडक्याने गरम वस्तू धरली तर हाताला गारवा मिळेल, असे कोणालाही वाटेल. परंतु ग्रंथालयातील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाने माझी समजूत घातली. सुती फडके आपल्याला वाचवते ते धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. फडके भिजले की त्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय त्या पाण्याची वाफ होते ती वेगळीच. अण्णा शाळेत चौथीपर्यंतच गेले. त्यांनी हे पुस्तक उघडले नाही, पण कमरेच्या डाव्या बाजूला ओले फडके आणि उजव्या बाजूला कोरडे, ही त्यांची शिस्त गेल्या वीस वर्षांत मोडलेली नाही.

त्याच ग्रंथालयात आणखी एक गोष्ट वाचनात आली. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४४ अंश सेल्सिअसला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना सुमारे पाच सेकंद पुरतात आणि ७० अंशांना एखाद्या सेकंदात काम होते. आता दुसरी बाजू पाहा. लोखंड काळोखातसुद्धा लालसर दिसू लागते ते सुमारे ५२५ अंशांना. म्हणजे ७० पासून ५२५ पर्यंत लोखंड काळेच दिसते, अगदी दुकानातून आणल्यासारखे थंड. अण्णा म्हणतात, "लाल निखाऱ्याला माणूस भितोच. भाजतं ते काळं लोखंड." म्हणून ते कोणतीही सळई उचलण्यापूर्वी हाताची पालथी बाजू तिच्याजवळ, बोटभर अंतरावर नेऊन आच पाहतात. हात लावून पाहत नाहीत.

एवढे नियम असूनही गेल्या उन्हाळ्यात अपघात झालाच. बिहारकडून आलेला एक मुलगा नुकताच कामाला लागला होता, माझ्याच वयाचा. गिऱ्हाईक खोळंबले होते आणि अण्णा जेवायला बसले होते. त्याने हाताशी आलेल्या ओल्या फडक्याने तंदूरचे लोखंडी झाकण धरले. झाकण पडले, तळवा आणि तीन बोटे भाजली. कोणी हळद आणायला धावले, कोणी टूथपेस्ट. अण्णा ताटावरून तसेच उठले. त्यांनी त्याच्या बोटातली अंगठी आधी काढली, कारण सूज चढली की ती निघत नाही, आणि त्याचा हात नळाच्या धारेखाली धरला. माझ्या घड्याळात वीस मिनिटे होईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. बर्फ लावू दिला नाही, हळद लावू दिली नाही. मग स्वच्छ कापड सैलसर गुंडाळून त्याला मोटारसायकलवर बसवून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली धरला हे फार चांगले केले. हात बरा व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांचा पगार मात्र त्याला मिळाला नाही. भिंतीवर "गरम वस्तूंना हात लावू नये" अशी पाटी आहे, तरी त्याने हात लावला, असे कारण सांगण्यात आले. पाटी मराठीत आहे. त्या मुलाला मराठी वाचता येत नाही.

यानंतर काही दिवसांनी लोणावळ्याजवळच्या एका बंगल्यावर मेजवानी होती. अण्णांना बोलावणे आले. बंगल्याच्या मालकांनी परदेशातून अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची कोळशाची शेगडी आणली होती. तिचे मूळ जपानी; कामादो म्हणजे जपानीत चूल. अमेरिकेतील अटलांटा येथे १९७४ पासून 'बिग ग्रीन एग' या नावाने अशा शेगड्या विकल्या जाऊ लागल्या. सोबतची पुस्तिका इंग्रजीत, म्हणून अण्णांनी मला बरोबर नेले होते. मी वाचत होतो, ते ऐकत होते.

या शेगडीला वर जड झाकण असते, खाली आणि वर हवेची दारे असतात. आत निखारे, निखाऱ्यांवर मातीची जाड तबकडी आणि तिच्यावर लोखंडी जाळी. तबकडीमुळे आच थेट पदार्थाला लागत नाही. मांस आधी सावकाश शिजवायचे आणि शेवटी थेट आचेवर भाजायचे, असा बेत होता. म्हणजे ऐन आगीत ती तबकडी बाहेर काढणे आले. मी वाचू लागलो: झाकण एकदम उघडू नये, आत हवेसाठी आसुसलेला जाळ असतो, त्याला एकाएकी हवा मिळाली तर तो भडकून तोंडावर येतो. अण्णा म्हणाले, "बरोबर. आधी बोटभर उघडायचं, श्वास घेऊ द्यायचा. मग पुरं." त्यांनी तसेच केले आणि स्वतः एका बाजूला उभे राहिले. कोपरापर्यंतचे कोरडे चामडी हातमोजे घालून त्यांनी आधी जाळी चिमट्याने उचलली, मग दोन्ही हातांनी तबकडी. ती पांढरट, निरुपद्रवी दिसत होती. बागेच्या कडेला त्यांनी आल्याबरोबर चार विटा मांडल्या होत्या, तेथे ती ठेवली. यजमानीण बाई म्हणाल्या, "इथे फरशीवर ठेवा ना!" अण्णा नम्रपणे म्हणाले, "बाई, फरशी ओली हाये. तबकडी तडकंल, नाहीतर फरशी." पुढे तासभर त्यांनी त्या विटांकडे एकाही पोराला फिरकू दिले नाही. शेवटी निखाऱ्यांवर पाणी न ओतता त्यांनी वरची-खालची दोन्ही दारे लावली. हवा नाही तर आग नाही. राख दुसऱ्या दिवशी, तीही पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढायला सांगितली. कारण राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत राहतो.

परतताना मी विचार करत होतो. त्या पुस्तिकेत जे छापले होते ते जवळजवळ सगळे अण्णांना आधीच ठाऊक होते. फरक एवढाच की शेगडी विकत घेणाऱ्याला ते छापून मिळते आणि भट्टीवर राबणाऱ्याला ते भाजल्यावर कळते.

मित्र विचारतात, हे सगळे आता किती दिवस चालणार? प्रश्न खरा आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबई महापालिकेने २०२५ साली कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना ८ जुलैपर्यंत गॅस किंवा विजेकडे वळण्याच्या नोटिसा दिल्या. कोळशाचा धूर वाईट, हे अण्णांच्या खोकल्यावरून मला कोणी सांगायला नको. उद्या आमच्या रस्त्यावरही गॅसचा तंदूर येईल आणि तो येवो. पण गॅसने तापलेले लोखंडही काळेच दिसेल.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी एक काम केले. एका जाड पुठ्ठ्यावर अण्णांचे नऊ नियम लिहिले. डावीकडे मराठीत, उजवीकडे हिंदीत. भिंतीवरच्या जुन्या पाटीकडे बोट दाखवून अण्णा म्हणाले होते, "हात लावू नये म्हणं! हात न लावता रोटी कशी निघायची? कसा लावायचा ते लिही." तेच लिहिले. कोरडे फडके कोणते, विटा कुठे, झाकण कसे उघडायचे, भाजले तर वीस मिनिटे पाणी. मालकांनी पुठ्ठा पाहिला, काही बोलले नाहीत, पण लावू दिला.

बिहारचा तो मुलगा परत कामावर आला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो स्वतः तो पुठ्ठा वाचून दाखवतो. त्याच्या हिंदीत तो माझ्यापेक्षा चांगला वाचतो. परवा एक नवा पोरगा सळई घेऊन घाईने वळला, तेव्हा तोच ओरडला, "पहले जगह देख!" अण्णांनी तंदूरमधून मान वर केली नाही. रोटी काढता काढता ते नुसते हसले.