यादीतील नाव

‘खासगी’ हा शब्द आपण आज फार सैलपणे वापरतो. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ म्हणजे राज्याचे उत्पन्न आणि ‘खासगी’ म्हणजे राणीच्या स्वतःच्या जहागिरीचे, असे दोन निराळे हिशेब असत. स्वतःचे असे काही राखून ठेवणे हा तेव्हा थोरांचा अधिकार होता. सामान्य माणसाची खासगी बाब हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात.

हा प्रश्न मला दरवर्षी प्रवेश-अर्जांच्या गठ्ठ्यात भेटतो. नाव, जात, पालकांचे उत्पन्न, मोबाईल नंबर, सारे विद्यार्थी निमूटपणे लिहितात. कारण समोर शिक्षक बसलेला असतो. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकिकत अशी: बारावीच्या निकालानंतर तिला कुठल्याशा क्लासचे फोन येऊ लागले. बोलणाऱ्याला तिचे नाव, शाखा, गाव सारे ठाऊक होते. ‘परक्या माणसाला तुझा नंबर दिला कोणी?’ असे घरच्यांनी तिलाच विचारले आणि फोन भावाच्या ताब्यात गेला. यादी कुठून बाहेर पडली, ते शेवटपर्यंत कळले नाही.

‘यात गुपित ते काय? गावात तिचे नाव कोणाला ठाऊक नाही?’ असे यावर म्हटले जाते. हेलन निसनबॉम यांनी २००४ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाची बंधने तिला लागू राहतात. साहित्याच्या अभ्यासकाला हे पटायला अवघड जाऊ नये. संदर्भातून उपटलेल्या वाक्याचे काय होते, हे आपण रोज वर्गात शिकवतो.

लोटस आणि इक्विफॅक्स या अमेरिकन कंपन्यांनी १९९० मध्ये सुमारे १२ कोटी लोकांची माहिती सीडीवर विकण्याचे जाहीर केले होते. सुमारे ३० हजार लोकांनी आपली नावे वगळायला सांगितली आणि जानेवारी १९९१ मध्ये, विक्रीला येण्यापूर्वीच, ती योजना गुंडाळली गेली. नकार कोणाला कळवायचा, हे निदान त्या लोकांना माहीत होते. आमच्या विद्यार्थिनीला यादीचा मालकच ठाऊक नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात ठरावीक हेतूपुरत्या संमतीची अट आहे. १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाईही आहे. कायदा हवाच. परंतु प्रवेशाच्या टेबलापाशी ‘नाही’ म्हणण्याची सोय कोणाला असते? म्हणून अर्जातला कोणता रकाना खरोखरच आवश्यक आहे, हे आधी आपण शिक्षकांनीच विचारायला हवे. जे मागितलेच नाही, ते निदान आपल्या कपाटातून तरी बाजारात जाणार नाही.