निरंक

वाळूज एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी टाइम ऑफिसला होतो. दुचाकीच्या सुट्या भागांचं काम. साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी कंत्राटदाराची. गेटजवळ ‘अपघाताविना दिवस’ असा फलक होता. त्यावरचा आकडा रोज सकाळी मीच वाढवायचो. अपघात नोंदवही माझ्याच कपाटात असायची. महिनाअखेरीला तिच्यात ‘निरंक’ लिहून मी सही करत असे.

२०१८ च्या पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीत, पॉवर प्रेसवर एका हेल्परच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. पोरगा जालना जिल्ह्यातला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. प्रेस पायडलवर चालायची आणि गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता, कारण गार्ड लावला की तासाचे नग कमी निघतात. त्याला चिकलठाण्याच्या ईएसआय रुग्णालयात न नेता खासगी दवाखान्यात नेलं. सकाळी मला सांगण्यात आलं, “गावाकडं कडबा कुट्टीत बोट गेलं, असं लिहा. खर्च कंपनी करतेय ना?”

तसं मी लिहिलं नाही. पण तोंडावर ‘नाही’ म्हणायचीही छाती झाली नाही. संध्याकाळी नोंदवही पिशवीत घालून कामगार न्यायालयात वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. माझ्यावर काय येईल, एवढंच मला विचारायचं होतं.

त्यांनी वही चाळली आणि विचारलं, “प्रथमोपचार पेटीचं सामान कोण आणतं?”

“मीच, साहेब.”

“मग तीन महिन्यांत एवढा कापूस, एवढ्या पट्ट्या लागल्या कुणाला? वही तर निरंक आहे.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते रागावले नाहीत. पुढचा दीड तास त्यांनी मला जे समजावलं, ते दहा वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राचा धोकादायक भाग झाकून ठेवणं ही तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ नुसार कारखान्याची जबाबदारी होती. जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नसेल, तर कलम ८८ प्रमाणे कारखाना निरीक्षकांना कळवावंच लागायचं. ईएसआयची अपघात नोंदवही म्हणजे फॉर्म ११, ती पाच वर्षं जपायची. अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये २४ तासांत, इजा गंभीर असेल तर लगेच. कंत्राटदाराचा माणूस म्हणून मुख्य मालक सुटत नाही. ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द नोंदीत घालायचा नाही, असं त्यांनी बजावलं. तो निष्कर्ष झाला. वेळ, यंत्र, गार्ड होता की नव्हता, शेजारी कोण होतं, एवढंच लिहायचं. आणि निरीक्षक येतात म्हणून आदल्या रात्री गार्ड बसवून ठेवायचा नाही.

मग ते म्हणाले, “त्या पोराची बाजू बघा. तर्जनीची दोन पेरं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमावण्याची क्षमता ११ टक्के घटली असं धरतात. त्या हिशेबानं त्याला आयुष्यभर लाभ मिळतो. बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के भत्ता वेगळा. कुट्टीत बोट गेलं असं तुम्ही लिहिलंत, तर यातलं काहीच त्याला मिळणार नाही. दवाखान्याचं बिल एकदाच भरलं जातं.”

त्या रात्री मी झोपलो नाही. किती पट्ट्या मी स्वतःच्या हातानं बांधल्या होत्या, ते आठवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मालकांना वकिलांकडे घेऊन गेलो. मालक अर्धा तास गप्प बसून ऐकत होते, आणि दुपारी फॉर्म १२ गेला. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी आले तेव्हा गार्ड भिंतीलाच टेकलेला होता. मी खरं तेच सांगितलं. कारखान्यावर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पायडल गेलं, दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी सोय झाली. फलक मी उतरवला. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांचीही वही सुरू केली. पहिल्याच महिन्यात तिची सहा पानं भरली, आणि त्यातल्या चार नोंदी एकाच प्रेसच्या होत्या. वर्षानुवर्षं ‘निरंक’नं हेच झाकून ठेवलं होतं.

हरियाणातल्या वाहन-भागांच्या कारखान्यांत बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. ते वाचताना मला आमचंच शॉप दिसतं. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्येच हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून सहा कामगार गेले, तेव्हा आठवडाभर गावात सुरक्षेशिवाय दुसरा विषय नव्हता. नंतर तो मागे पडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले, नोंद मात्र टाइम ऑफिसमधल्या माणसालाच करायची आहे.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव, जिथं कुठं तुम्ही त्या खुर्चीवर असाल, उद्या सकाळी प्रथमोपचाराच्या सामानाची बिलं आणि अपघात नोंदवही शेजारी-शेजारी ठेवून बघा. जुळत नसतील तर कामगार कायद्याच्या वकिलाकडे अपघातानंतर जाऊ नका, आधी जा.