रक्ताची साक्ष

आपल्या घरांत बाईचं दुखणं आधी आळस ठरतं, मग नजर लागली असं होतं, आणि फार उशिरा त्याला आजार म्हटलं जातं. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत यात जवळजवळ तीन वर्षं गेली.

ती कल्याणला सासरी होती. सकाळी बोटं आखडायची, पीठ मळता यायचं नाही. अंगात बारीक ताप, तोंडात फोड, कंगव्यात केसांचे पुंजके. एका डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यांनी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी तावीज आणून बांधला. त्यांची माया खोटी नव्हती. पण रिपोर्टात काही निघत नव्हतं, आणि जे कागदावर निघत नाही ते बाईनं कितीही सांगितलं तरी कुणाला पटत नाही. "आपा, मी ढोंग करते का गं?" असं तिनं मला फोनवर विचारलं होतं.

पुढे नाकावर आणि दोन्ही गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उठला, पाय सुजले, तेव्हा कुणीतरी परळला जा म्हणून सांगितलं. कल्याणहून ती स्लो लोकलमध्ये बसायची, मुंब्र्याला मी चढायची. रांग, केसपेपर, पुन्हा रांग. तिथे आजाराला नाव मिळालं: ल्युपस. लॅटिनमध्ये याचा अर्थ लांडगा. बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची फौज या आजारात स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर तुटून पडते. दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या वयातल्या.

हा आजार पकडणं अवघड का, हे मला पुढे वाचनातून उमगलं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रुग्णांत एक विशिष्ट पेशी दिसली, आणि या आजाराची पहिली प्रयोगशाळेतली खूण सापडली. आजची एएनए तपासणी त्याच वाटेवर पुढे आली. पण एएनए कधी कधी धडधाकट माणसातही सापडतं. त्यामुळे लक्षणं, रक्त, लघवी, सगळं जुळवून डॉक्टरांना निदान करावं लागतं. परळच्या केईएमच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांच्या केंद्राच्या रूपात सुरू झाली. पश्चिम भारतातल्या ल्युपस रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर तिथे बरंच काम झालं आहे.

आता शास्त्रज्ञ आणखी बारीक खूण शोधत आहेत: मायक्रोआरएनए. १९९३ साली व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ती सापडली. २०२४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. भिवंडीचा यंत्रमाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. पेशीत जनुकाकडून हुकमाची चिठ्ठी येते आणि माग चालू होतो. मायक्रोआरएनए हा मुकादम. पुरे झालं की तो चिठ्ठी अडवतो, माग थांबतो. २००९ साली शांघायच्या संशोधकांना ल्युपसच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत १४६-ए नावाचा असाच एक मुकादम कमी आढळला. तो कमी पडला की फौजेला चिथावणारे इंटरफेरॉनचे संदेश आवरले जात नाहीत.

हे सूक्ष्म रेणू रक्तद्रवातही बराच वेळ टिकतात, हे २००८ मध्ये दिसून आलं. म्हणून आशा अशी, की आजार उसळण्याआधीच, किंवा मूत्रपिंडाला इजा पोहोचण्याआधीच, रक्ताचा एक नमुना इशारा देईल. वाट मात्र सोपी नाही. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात, एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीशी जुळत नाही, आणि तेच रेणू इतर आजारांतही कमीजास्त होतात. म्हणून रोजच्या उपचारात ही तपासणी अजून आलेली नाही.

ती येईल तेव्हा मुंब्रा-कल्याणच्या गल्लीतल्या लॅबपर्यंत, आपल्याला झेपेल अशा दरात यावी, एवढंच माझं मागणं. २०२० च्या मार्चमध्ये करोनावर चालेल म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला एकाएकी मागणी आली, सरकारला निर्यात थांबवावी लागली. माझी बहीण तीच गोळी वर्षानुवर्षं घेत होती. त्या दिवसांत एका पाकिटासाठी आम्ही चार मेडिकल पालथे घातले. मोठ्या जगातल्या बातमीची झळ छोट्या घराला कशी लागते, ते तेव्हा कळलं.

तोवर साध्या गोष्टी हाताशी आहेत. लघवीतलं प्रथिन तपासायला फार पैसे लागत नाहीत, आणि मूत्रपिंडाची पहिली तक्रार बहुधा तिथेच कळते. उन्हापासून जपावं. मूल हवं असेल तर आजार शांत असताना, डॉक्टरांना विचारून. रमजानमध्ये गोळ्या मनानं बंद करू नयेत. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच तिला सांगावं, म्हणजे तिला अपराधी वाटत नाही. आणि निकाह ठरवताना आजार लपवू नये. लपवलेल्या आजाराच्या गोळ्याही लपून घ्याव्या लागतात, आणि मग त्या चुकतात.

बहीण आज बरी आहे, म्हणजे आजार आवरलेला आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. रक्ताची साक्ष शास्त्रज्ञ आज ना उद्या मिळवतील. पण तोपर्यंत एखादी मुलगी "दुखतंय" म्हणाली, तर तिचा शब्द ग्राह्य धरायला आपल्याला कुठल्या रिपोर्टाची गरज पडू नये.