ग्रुपवरचं भांडण आणि चुकलेला चहा

"डॉक्टर, ग्रुपवर वाद झाला की मला रात्रभर झोप लागत नाही. ग्रुप सोडून देऊ का?" असा प्रश्न हल्ली दवाखान्यात अधूनमधून येतो. कधी सोसायटीचा ग्रुप असतो, कधी भाऊबंदांचा, कधी शाळेतल्या मित्रांचा. पूर्वी मी "फोन लांब ठेवून झोपा" एवढं सांगून पुढच्या पेशंटला बोलवत असे. आता तसं करत नाही. त्याला कारण आमच्या बुलेटवाल्यांच्या ग्रुपमध्ये घडलेली एक गोष्ट आहे, आणि त्यात चूक माझी होती. ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्यांना हा लेख वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या परवानगीनेच तो इथे देतो आहे.

रविवारचा चहा

मी साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही दहा-बारा जण पोवई नाक्यावर जमतो आणि यवतेश्वरचा घाट चढून कासला जातो. बहुतेकांकडे बुलेट, दोघांकडे जुन्या येझदी. वर पोचलो की टपरीवर चहा आणि भजी. भज्यांबद्दल डॉक्टर म्हणून मी काही बोलत नाही.

या चहाच्या वेळी माझी दुसरी ओपीडी चालायची. "डॉक्टर, जरा हे बघा हो," म्हणत कुणी रिपोर्ट पुढे करायचा, कुणी सुजलेला पाय दाखवायचा. एकाची शुगर तिथेच गप्पांतून लक्षात आली. दवाखान्यात यायला जी माणसं टाळाटाळ करतात, ती चहाच्या ग्लासाबरोबर सगळं सांगून टाकतात.

ग्रुपमध्ये एक मामा आहेत. वय ६३, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त. त्यांची बुलेट जुनी, सेल्फ स्टार्ट नसलेली. किक हळूहळू खाली नेत अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे सरकवायची आणि मग एकच दणका द्यायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. ते माझे पेशंटही आहेत.

त्या रात्री

एका रात्री अकराच्या सुमारास ग्रुपवर एका तरुण मुलाने नव्या सायलेन्सरचा व्हिडिओ टाकला. फटाके फुटल्यासारखा आवाज. मी लिहिलं की हा प्रकार बेकायदेशीर आहे आणि कानांना घातक आहे. मुद्दा बरोबर होता. साधारण ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर श्रवणशक्तीला धोका सुरू होतो, आणि त्यावर दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो.

मामांनी गमतीत लिहिलं, "डॉक्टर, बुलेटला आवाज नको असेल तर सायकल घ्या." चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले. मला ते लागलं. मी उत्तर दिलं, त्यांनी प्रत्युत्तर दिलं, आणि साडेअकरा वाजता मी लिहिलं, "ज्यांना स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, त्यांनी आवाजाबद्दल बोलू नये."

मामांना ऐकू कमी येतं, हे मला दवाखान्यातून माहीत होतं. वर्कशॉपमधल्या पस्तीस वर्षांचा तो परिणाम. घरच्यांशिवाय कुणालाच त्यांनी ते सांगितलं नव्हतं. पेशंटने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी ६४ जणांसमोर फेकली होती.

त्यांचं उत्तर एकाच ओळीचं होतं. "तपासायला आलो होतो डॉक्टर, ते इथे वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

मी मेसेज पुसला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. त्या रात्री दोनला उठून मी स्वतःचं बीपी पाहिलं. १५८/९६. एरवी माझं १३०च्या आत असतं.

शरीरात काय होतं?

वाद समोरासमोर असो की फोनवर, शरीर एकाच पद्धतीने तयारीला लागतं. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. समोरासमोरच्या भांडणाला बहुधा शेवट असतो. माणूस निघून जातो, चहा येतो, कुणीतरी हसतं. फोनवरचं भांडण उशाशीच पडून असतं. दर वेळी स्क्रीन उघडली की शरीर पुन्हा तयारीला लागतं आणि झोपेची वाट लागते.

दुसरी गोष्ट, समोरचा चेहरा दिसत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली यावर लिहिलं आहे. ऑनलाइन बोलताना डोळ्याला डोळा भिडत नाही, उत्तर लगेच द्यावं लागत नाही, म्हणून एरवीचा संकोच गळून पडतो. टपरीवर मामा समोर असते तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं. त्यांचा पडलेला चेहरा मला आधीच दिसला असता.

भांडणानंतरचे रविवार

खरं नुकसान यानंतर झालं. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. "इमर्जन्सी आहे," असं कळवलं. इमर्जन्सी नव्हती. सहा वाजून गेले तशी छातीवरून दगड उतरल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी टाळणं आणखी सोपं गेलं.

हे नीट समजून घ्या, कारण ते सगळ्यांच्या बाबतीत घडतं. भेट टाळली की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि तेच मनाला बक्षिसासारखं असतं. म्हणून मन पुन्हा टाळतं. जितका टाळाल तितका समोरचा माणूस तुमच्या डोक्यात मोठा आणि रागीट होत जातो. खरा माणूस तिकडे आपली बुलेट पुसत बसलेला असतो. असे तीन महिने गेले.

मग एका गुरुवारी पहाटे मामांच्या भाच्याचा फोन आला. मामांना हार्ट अटॅक आला होता. एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला, जीव वाचला. पण इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के आली. निरोगी हृदयात ती साधारण ५५ टक्के किंवा त्याहून जास्त असते.

भाच्याने पुढे जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. अटॅकच्या आधी तीन आठवडे मामांना बुलेटला दोन-तीन किका मारल्या की जबडा ओढल्यासारखा व्हायचा, छातीत भरून यायचं, आणि पाच मिनिटं बसलं की थांबायचं. त्यांनी ते कधी अॅसिडिटीवर ढकललं, कधी दाढेवर. शेवटचे दोन रविवार किक भाचाच मारत होता. टपरीवर कुणीतरी त्यांना म्हणालं, "डॉक्टरांना विचारा की." मामा म्हणाले, "नको. परत ग्रुपवर यायचं."

श्रमाने येणारी आणि विश्रांतीने थांबणारी ही तक्रार म्हणजे अंजायना. दवाखान्यातला विद्यार्थीही ती ओळखतो. मी त्या दोन रविवारी पोवई नाक्यावर असतो, तर मामा किक भाच्याला का मारू देतात, एवढा एक प्रश्न मी नक्की विचारला असता.

मी त्यांना भेटायला गेलो आणि माफी मागितली. ते बराच वेळ छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "इथे कशाला सांगता? जिथे बोललात तिथे सांगा." त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर चूक कबूल करून माफी लिहिली. त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही. आता ते रविवारी येतात, भाच्याच्या मागे बसून. माझ्याशी बोलतात. पण तब्येतीचं विचारायला ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, आणि ते मला मान्य आहे.

तुमच्यासाठी

२०१६ साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. एकटेपणा किंवा तुटक संबंध असलेल्या लोकांत हृदयविकाराचं प्रमाण २९ टक्के आणि पक्षाघाताचं ३२ टक्के जास्त आढळलं. मैत्रीची भेट औषधाच्या यादीत नसते, पण ती चुकू देऊ नका.

• रागात लिहिलेला मेसेज सकाळपर्यंत पाठवू नका. सकाळी तो बहुतेक वेळा पाठवावासा वाटत नाही.
• वाद दोन-तीन मेसेजांच्या पुढे गेला तर फोन करा. आवाज ऐकू आला की धार कमी होते.
• भांडणानंतरची पहिली भेट चुकवू नका. तीच सर्वात अवघड असते. पुढच्या सोप्या जातात.
• चूक चारचौघांत झाली असेल तर माफीही चारचौघांतच मागा.
• चालताना, जिना चढताना किंवा किक मारताना छाती, जबडा, गळा, खांदा वा हातात दुखणं किंवा दडपण येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या वेळी काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी पुढच्या तपासण्या टाळू नका. दुखणं बसूनही थांबत नसेल तर १०८ला फोन करा. गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

आणि त्या पेशंटच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं: ग्रुप सोडायचा असेल तर खुशाल सोडा. रविवारचा चहा मात्र सोडू नका.