फुक्तालच्या गुहेत

निघताना वडील म्हणाले होते, "एवढ्या लांब चाललास, तर तिथल्या दगडावर आपलं नाव घालून ये." वडील विहिरी खोदतात आणि सहीच्या जागी अंगठा उठवतात. आमच्या घरात नाव लिहिता येणारा मी पहिलाच. म्हणून मी खिशात एक खिळा टाकला होता.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही आठ विद्यार्थी इतिहासाच्या सरांबरोबर मनालीहून शिंकुला खिंड ओलांडून झांस्करमध्ये उतरलो. हिमालयाच्या पाठीमागचा हा मुलूख. पावसाचे ढग इकडे क्वचितच पोचतात. मी माणदेशचा, उजाड डोंगर मला नवे नव्हते. पण इथे नुसता पिवळा-तांबडा दगड आणि खोल दरीत हिरवट निळी त्साराप नदी. वितळलेल्या बर्फाचे पाट जिथे पोचतात, तिथे तेवढी जवाची शेते.

पुरणे गावापासून पुढे पायवाट. विरळ हवेत पावलोपावली धाप लागे. दोनदा वाटले, मागे फिरावे. इतक्यात एका वळणावर ती दिसली. उभ्या कड्यात वासलेली प्रचंड नैसर्गिक गुहा आणि तिच्या तोंडापासून खाली कड्याला बिलगलेल्या भिक्षूंच्या पांढऱ्या खोल्या. जणू आग्यामोहोळच लागले होते!

मठात एक शिळा आहे. हंगेरीचा चोमा द कोरोश १८२५-२६ मध्ये इथे राहून तिबेटी ग्रंथ अभ्यासत होता. १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश कलकत्त्याला छापला गेला. सर म्हणाले, "ही शिळा त्याने नाही लावली. मागून आलेल्यांनी लावली."

गुहेत गारवा होता. आत एक झरा आहे. त्याची पातळी कधी कमी-जास्त होत नाही, असे तिथले लोक मानतात. पाण्याजवळ उभा राहिलो आणि वडिलांचे घट्टे पडलेले हात आठवले. खिशातला खिळा बाहेर काढला. तोच जवळचा एक छोटा लामा मान हलवू लागला. रागावला मात्र नाही. माझ्या हातातली वही घेऊन त्याने तीत काहीतरी लिहिले आणि मोडक्या हिंदीत सांगितले, "माझं नाव."

मला ते वाचता येईना. अक्षरे सुबक होती, पण माझ्यासाठी मुकी. शाळेत गेल्यापासून प्रथमच मी वडिलांच्या जागी उभा होतो. कागदापुढे ते कसे गप्प होतात, ते तेव्हा कळले. मी त्याच्या नावाखाली माझे नाव लिहिले. त्यालाही ते वाचता आले नाही. आम्ही दोघेही हसलो.

घरी आल्यावर वही वडिलांपुढे धरली. दोन्ही ओळींवरून त्यांनी सावकाश बोट फिरवले.

"पाण्यापाशी लिहिलंस ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले.